विद्यापीठांच्या सीमा आणि खेळाचे मैदान

सामना पाहावयास आलेला प्रेक्षक केवळ धावा आणि बळी यांचाच हिशोब मांडतो, असे समजणे चूक ठरेल. डाव संपून मैदान रिकामे झाले, की त्याच्या मनात दुसराच खेळ सुरू होतो. पुढील वर्षी कोणता संघ कोणत्या गटात पडणार, कोणाची गाठ कोणाशी घातली जाणार, गावातला उमदा गोलंदाज कोणाच्या नावाने खेळणार, याविषयी तो अटकळी बांधू लागतो. या अटकळींना पुरावा फारसा नसतो, पण जिव्हाळा भरपूर असतो. बेळगावच्या टिळकवाडीसारख्या वस्तीत, जेथे महाविद्यालय आणि मैदान ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे या गप्पांना विशेष धार येते. कारण येथील खेळाडूचा संघ ठरविणारी रेघ गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा पुसली गेली आणि अनेकदा नव्याने ओढली गेली. ती प्रत्येक वेळी कोणी ओढली, आणि तिच्यामुळे मैदानावर काय घडले, हा इतिहास थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे.

हा छंद केवळ येथलाच नव्हे. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे संघ 'कॉन्फरन्स' नावाच्या मंडळांत विभागलेले असतात. शेजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन सामन्यांचे नियम ठरवावेत, या हेतूने ही मंडळे जन्मली. शिकागोच्या परिसरातील सात विद्यापीठांनी १८९६ साली स्थापन केलेले मंडळ पुढे 'बिग टेन' या नावाने गाजले. पॅसिफिक किनाऱ्यावरील मंडळ १९१५ सालचे. परंतु दूरचित्रवाणीचा पैसा खेळात आला आणि शेजाराचे तत्त्व मागे पडले. अटलांटिक किनाऱ्यालगतचे रटगर्स विद्यापीठ २०१४ साली 'बिग टेन'मध्ये गेले, आणि २०२४ साली लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठेही त्याच मंडळात दाखल झाली. पॅसिफिक किनाऱ्यावरील जुन्या मंडळाच्या बारा सभासदांपैकी दहा त्या वर्षी निघून गेले. मागे दोनच उरले. उद्या कोण कोठे जाणार याचे नकाशे काढीत बसणे हा तेथील हजारो क्रीडारसिकांचा नित्याचा उद्योग झाला आहे. त्या नकाशांच्या मुळाशी एक साधी व्यथा आहे: पिढ्यान्‌पिढ्या ज्या शेजाऱ्याशी झुंज घेतली, त्याच्याशी आता सामनाच होणार नाही!

मराठी मुलुखाला ही व्यथा अपरिचित नाही. फरक एवढाच, की तिकडे रेघा पैशाने ओढल्या, आणि इकडे त्या आधी धर्माने, मग प्रांताने आणि शेवटी भाषेने ओढल्या.

मुंबईत युरोपियन आणि पारशी यांचे इलाखा सामने १८९२ साली सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि सामने चौरंगी झाले. १९३७ साली ख्रिस्ती, ज्यू आदी उरलेल्यांचा 'इतर' नावाचा पाचवा संघ निघाला आणि सामने पंचरंगी झाले. मनुष्य कोठे राहतो, कोणत्या भाषेत बोलतो, याला या रचनेत किंमत नव्हती. त्याचा जन्म कोणत्या धर्मात झाला, एवढेच पाहिले जाई. त्यातही आतल्या भिंती होत्याच. धारवाडला जन्मलेल्या पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. पण दलित कुटुंबात जन्मलेल्या या थोर गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे 'इतर' संघातून खेळत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या.

या रचनेविरुद्ध आवाज उठत होताच. १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्यास महात्मा गांधींच्या भेटीस गेली, तेव्हा जातीय पायावरील सामन्यांविषयी त्यांनी आपली नापसंती स्पष्ट बोलून दाखविली. १९४५-४६ च्या हंगामानंतर हे सामने कायमचे बंद पडले.

त्यांची जागा घेणारी नवी रचना तोपर्यंत उभी राहिलेली होती. १९३४-३५ मध्ये रणजी करंडकाचे सामने सुरू झाले आणि संघांची नावे धर्माऐवजी प्रांतांवरून पडली. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हा करंडक जिंकला. यांपैकी पहिल्या वर्षी 'इतरां'तल्या त्याच हजाऱ्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. पुढे ते बडोद्याकडूनच खेळू लागले आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी २८८ धावा केल्या. एकाच खेळाडूच्या आयुष्यात धर्माचा संघ, प्रांताचा संघ आणि संस्थानाचा संघ असे तीन झेंडे आले. प्रेक्षकाने 'हजारे आपले' म्हणावयाचे ते कोणत्या नात्याने? सांगलीकरांना या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची गरज कधी पडली नसावी.

प्रांतांच्या या रचनेतही सारे सरळ नव्हते. आजच्या महाराष्ट्र राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजी करंडकात उतरतात, आणि त्यांतला विदर्भ पश्चिम विभागात नसून मध्य विभागात आहे. कोकणाला लागून असलेला गोवा १९८५-८६ मध्ये या स्पर्धेत आला तो दक्षिण विभागात. सरकारचा नकाशा आणि क्रिकेटचा नकाशा एकमेकांवर ठेवले, तर कडा जुळत नाहीत. म्हणूनच अटकळ बांधणाऱ्याला वाव राहतो.

प्रांतांच्या संघांबरोबरच विद्यापीठांचेही संघ उभे राहत होते, आणि बेळगावचा खरा संबंध येथे सुरू होतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हा त्याच्या छत्राखाली जवळजवळ सबंध पश्चिम हिंदुस्थान होता. कराचीचे सिंध कॉलेज, बडोद्याचे महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन आणि फर्ग्युसन, कोल्हापूरचे राजाराम, सांगलीचे विलिंग्डन, धारवाडचे कर्नाटक कॉलेज ही सारी एकाच विद्यापीठाची लेकरे. बेळगावात १९३३ मध्ये लिंगराज महाविद्यालय निघाले, १९३९ मध्ये राजा लखमगौडा विधी महाविद्यालय निघाले आणि १९४५ मध्ये साउथ कोंकण एज्युकेशन सोसायटीने टिळकवाडीत राणी पार्वतीदेवी महाविद्यालय सुरू केले. तीही या कुटुंबात आली.

१९३५-३६ मध्ये आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक ठेवण्यात आला. मुंबईचे अर्देशिर बारिया यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ तो दिला होता. पहिल्या वर्षी तो पंजाब विद्यापीठाने जिंकला. प्रारंभी क्रिकेट नियामक मंडळ हे सामने भरवीत असे. १९४० नंतर ते काम आंतरविद्यापीठ क्रीडा मंडळाकडे आले. त्या काळी नियमाने पाहता बेळगाव, कोल्हापूर आणि कराची येथील विद्यार्थी एकाच मुंबई विद्यापीठाच्या संघात जागा मागू शकत. प्रत्यक्षात मुंबईपासून शेकडो मैलांवर असलेल्या खेड्यापाड्यांच्या मुलांना ती जागा मिळणे किती दुर्घट असेल, हे वेगळे सांगावयास नको. मात्र बेळगाव आणि कोल्हापूर एका घरात होती, हे खरे.

स्वातंत्र्यानंतर हे घर वेगाने विभागले गेले. १९४७ साली सिंध विद्यापीठ वेगळे झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आणि गुजरात विद्यापीठ स्थापन झाली. त्याच वर्षी बडोद्यालाही स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. कर्नाटक विद्यापीठाचा जन्मही १९४९ चाच. त्याचे कार्यालय प्रथम मुंबईत होते आणि १९५० साली ते धारवाडला गेले. मुंबई प्रांतातील बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. कोल्हापूरची महाविद्यालये पुण्याकडे गेली. अशा रीतीने टिळकवाडीचे महाविद्यालय जन्मानंतर पाच वर्षांच्या आत मुंबईहून धारवाडकडे वळले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भाषावार राज्यरचना १ नोव्हेंबर १९५६ रोजी झाली. म्हणजे बेळगाव अद्याप मुंबई राज्यात असतानाच, तब्बल सहा वर्षे आधी, तेथील विद्यार्थ्यांचे संघ कोल्हापूर आणि पुणे येथील संघांपासून तुटले होते. त्याचा आराखडा त्याहूनही जुना. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषेच्या पायावर प्रांतिक समित्या मान्य केल्या, आणि बेळगाव कर्नाटकाच्या समितीत गेले. त्या व्यवस्थेतच १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे अधिवेशन बेळगावात भरले. त्याची आठवण सांगणारी काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. दुसऱ्या बाजूस, १९४६ साली याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. एकाच गावात दोन्ही नकाशे काढले गेले होते. त्यांपैकी कोणता खरा ठरणार, याचा अदमास चाणाक्ष प्रेक्षकाला आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या वेळापत्रकावरून १९५० सालीच बांधता आला असता. पुढाऱ्यांची भाषणे काहीही सांगोत, पाहुणा संघ हुबळीहून येत होता, कोल्हापुराहून नव्हे.

१९५६ नंतर राज्याच्या संघाची वाटही बंगळुरूकडे गेली. तेव्हाचा म्हैसूरचा संघ रणजी करंडकात दक्षिण विभागात, मद्रास आणि हैदराबाद यांच्या बरोबर खेळे. १९६२ च्या १८ नोव्हेंबरला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि आंतरविद्यापीठ सामन्यांत ते पश्चिम विभागात आले. कर्नाटक विद्यापीठ दक्षिण विभागात राहिले. १९६६-६७ पासून विद्यापीठांच्या विभागीय संघांसाठी विझी करंडक सुरू झाला, तेव्हा तर दक्षिण आणि पश्चिम हे सरळ प्रतिस्पर्धी झाले.

या रेघेचे सर्वांत विलक्षण दर्शन निपाणीस घडते. निपाणी कर्नाटकात आहे. पण गावाला खेटून असलेले अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे आणि निपाणीची मुले तेथे शिकतात. त्याच निपाणीत बागेवाडी महाविद्यालय आहे. ते प्रथम धारवाडच्या आणि नंतर बेळगावच्या विद्यापीठाकडे. एकाच गल्लीतले, एकाच चेंडूवर खेळ शिकलेले दोन भाऊ या दोन महाविद्यालयांत गेले, तर थोरला पश्चिम विभागाचा आणि धाकटा दक्षिण विभागाचा होतो. विद्यापीठांच्या स्पर्धेत दोघांची गाठ पडावयाची, तर दोघांच्याही विद्यापीठांनी आपापला विभाग मारून अखिल भारतीय फेरी गाठली पाहिजे. घरच्या अंगणात रोज होणारा सामना देशपातळीवर जाऊन पोहोचतो, असा हा चमत्कार आहे.

अटकळबाजांना खरा ऊत यावा असा प्रसंग १९६७ साली आला. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपला अहवाल दिला. बेळगाव शहर कर्नाटकाकडेच ठेवावे, मात्र निपाणी, खानापूर आणि नंदगड यांसह अडीचशेहून अधिक गावे महाराष्ट्रास द्यावीत, आणि जत, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या भागांतील गावे कर्नाटकास द्यावीत, असा त्याचा आशय होता. महाराष्ट्राने तो नाकारला आणि शिफारशी कागदावरच राहिल्या. २००४ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पण त्या शिफारशी अमलात आल्या असत्या तर मैदानावर काय झाले असते? विद्यापीठांची हद्द राज्याबरोबर सरकते हे गृहीत धरले, तर निपाणी आणि खानापूर पश्चिम विभागात गेली असती आणि मधले बेळगाव दक्षिणेत राहिले असते. खानापूर बेळगावच्या दक्षिणेस आहे! तेथली मुले महाविद्यालयासाठी बेळगावला येतात. ती शिकली असती एका राज्यात आणि राहिली असती दुसऱ्यात. निपाणीच्या दोन भावांचे कोडे सुटले असते, आणि तेच कोडे खानापूरच्या दारात जाऊन बसले असते. रेघ हलविल्याने कोडे नाहीसे होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. सीमाप्रश्नाच्या न्याय-अन्यायाचा निवाडा यात नाही. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. परंतु जेथे भाषा, बाजार आणि सोयरीक एकमेकांत गुंतलेली आहेत, तेथे खेळाडूला सुखाची अशी एकही रेघ सापडत नाही, एवढे यावरून दिसते.

पुढील काळात तर राज्याच्या आतच नव्या रेघा उमटल्या. १९९८ साली बेळगाव येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले आणि कर्नाटकातील अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच्याकडे आली. २००६ मध्ये के.एल.ई. संस्थेच्या वैद्यकीय शिक्षणाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन होऊन उरलेली महाविद्यालये धारवाडहून तिकडे गेली. त्यामुळे टिळकवाडीतले तीन मित्र, एक कला शाखेचा, एक अभियांत्रिकीचा आणि एक वैद्यकाचा, आज तीन निरनिराळ्या विद्यापीठांचे खेळाडू असतात. शिवाय मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र याच शहरात आहे. तेथील जवान सेनादलाच्या संघाकडून खेळतो. त्याला राज्य आणि विद्यापीठ या दोन्ही रेघा लागू नाहीत.

या साऱ्या फेरजुळणीत केवळ हानीच झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई विद्यापीठाच्या अकरा जागांसाठी कराचीपासून कारवारपर्यंतचे विद्यार्थी उमेदवार होते. विद्यापीठे वाढली तशा जागाही वाढल्या आणि आडगावच्या मुलाला संघाचे दार उघडले. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघात आज चिकोडी-गोकाकचा मुलगा सहज दिसू शकतो. रेघ एकदा पडली, की तिच्या आतही माया उत्पन्न होते. १९७३-७४ मध्ये कर्नाटकाने बंगळुरूच्या उपांत्य सामन्यात मुंबईची सलग पंधरा वर्षांची सत्ता मोडली आणि प्रथमच रणजी करंडक जिंकला. पुढे गदगच्या सुनील जोशी यांनी १९९६ साली कसोटी संघात स्थान मिळविले, तेव्हा उत्तर कर्नाटकातील मुलांना बंगळुरूची वाट आपलीही असू शकते, याची खूण पटली. टिळकवाडीच्या मराठी घरांतील मुलेही त्याच वाटेने निवड-सामन्यांस जातात. त्यांच्या निष्ठेला कमी लेखण्याचे कारण नाही.

हानी झाली ती दुसरीकडे. बेळगाव आणि कोल्हापूर यांत सव्वाशे किलोमीटरांचेही अंतर नाही, आणि निपाणी तर त्या रस्त्यावरच आहे. या दोन गावांच्या महाविद्यालयांचा नेमाचा सामना स्पर्धेच्या वेळापत्रकातून गेला. हा तोटा कोणत्याही अहवालात लिहिलेला नाही, कारण न झालेल्या सामन्याची धावसंख्या कोणी नोंदवीत नाही. पण शेजाऱ्याशी असलेली चुरस हे ओळखीचेच एक रूप आहे. प्रतिपक्षाच्या गोलंदाजाचे नाव, त्याचे गाव, त्याची खोड प्रेक्षकाला पाठ असते. सामना बंद पडला, की पंधरा-वीस वर्षांत ती नावे विसरली जातात आणि शेजारी परका होतो.

ही उणीव भरून काढली ती कुस्तीने. कुस्तीच्या जंगी मैदानाला पूर्व, पश्चिम, दक्षिण हे विभाग ठाऊक नाहीत. कोल्हापूरच्या तालमींत बेळगाव भागातील पोरे अंगाला माती लावतात, खासबागेच्या मैदानात कर्नाटकाचे मल्ल जोडीला उभे राहतात, आणि बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कोल्हापूरचे पैलवान उतरतात. महाराष्ट्र केसरी आणि कर्नाटक केसरी असे किताब वेगळे असले, तरी हलगी दोन्हीकडे एकाच तालावर वाजते. जोड ठरविताना मल्लाचे वजन आणि वकूब पाहतात. त्याची महानगरपालिका कोणत्या भाषेत पावती देते, हे कोणी विचारीत नाही.

यातून संघटकांना घेण्यासारखा धडा आहे. अधिकृत स्पर्धांच्या रेघा कोणत्या ना कोणत्या कारणाने पडणारच; धर्माच्या रेघा गेल्या, प्रांतांच्या आल्या; विद्यापीठांच्या बदलल्या आणि पुढेही बदलतील. त्या रेघांपलीकडचा एखादा तरी नेमाचा सामना शेजाऱ्यांनी आपापसांत राखून ठेवावा. त्याला शासनाची मान्यता लागत नाही आणि करंडकही मोठा लागत नाही. दोन महाविद्यालये, एक मैदान आणि वर्षातील एक ठरलेला रविवार एवढे पुरते.

मैदानाच्या कडेला बसून तर्क लढविणाऱ्या प्रेक्षकाला शहाणी माणसे रिकामटेकडा म्हणतात. पण कोणता संघ कोठे जाणार हे विचारताना तो खरोखर विचारीत असतो, की पुढल्या साली माझ्याशी कोण खेळणार? सीमेवरच्या गावात हा प्रश्न पोरकट नाही. कोणी कोणाकडून खेळावे हे रेघ ओढणारे ठरवितात. टाळी कोणासाठी वाजवावी, हे मात्र अद्याप त्या प्रेक्षकाच्याच हाती आहे.